श्रीपत शेषाद्री प्रकरण: मुंबई, 1843

सप्टेंबर 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला होता आणि त्याला बाप्तिस्मा दिला तो त्याच शाळेत शिकवणाऱ्या रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांनी. नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत हाही नेस्बिट यांच्या आश्रयाला गेला होता. त्याचे वय 12 वर्षांच्या आसपास. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या हवाली केले. मुलगा घरी आला, पण जातीने त्याला पंगतीला घ्यायचे नाकारले. मिशनऱ्याच्या घरी राहिलेला आणि तिथले अन्न खाल्लेला मुलगा बाटला, असे ठरवून त्याला वाळीत टाकले गेले. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्राधार काढून, प्रायश्चित्त देववून त्याला परत हिंदू धर्मात घेतले, आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

मराठी वाचकाला हे प्रकरण बहुधा बाळशास्त्रींच्या चरित्रातला एक परिच्छेद म्हणून भेटते: पहिले शुद्धीकरण, सुधारकाचे धाडस. वकिलांना ते ‘क्वीन विरुद्ध नेस्बिट’ या नावाने, तो खटला चालवणारे न्यायाधीश अर्स्किन पेरी यांच्या निवाड्यांच्या संग्रहात, अज्ञान (कायद्याने वयात न आलेल्या) मुलाच्या ताब्याचा खटला म्हणून भेटते. माझ्या लेखी हे मुळात शाळेचे प्रकरण आहे. शाळेत काय शिकवले जाते, त्याला कोणी होकार दिला, आणि तो होकार नेमका कोणाचा धरायचा, हे तीन प्रश्न मुंबईत इतक्या उघडपणे एकत्र आले ते याच खटल्यात. आपल्या संविधानाच्या, शाळांतल्या धार्मिक शिक्षणाविषयीच्या 28व्या अनुच्छेदाची चर्चा होते तेव्हा दिल्लीतल्या भाषणांचा हवाला दिला जातो. त्याआधी शंभर वर्षे हा वाद गिरगावात आणि फोर्टात प्रत्यक्ष लढला गेला होता.

दोन शाळा

1840च्या दशकात मुंबईत मुलाला इंग्रजी शिकवायचे तर ठळक वाटा दोन होत्या. एक एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. तिथे इतिहास, गणित, पदार्थविज्ञान शिकवले जाई, धर्म नाही. हे धोरण जाणूनबुजून आखलेले होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना त्यांनी 1823 च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात स्पष्ट मत दिले होते की सरकारी शिक्षणयोजनेत धर्माचा शिरकाव थोडाही होता कामा नये. पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती. शाळा हे बाटवण्याचे साधन आहे असा संशय लोकांच्या मनात बसला तर शाळाच ओस पडतील, हे त्यांना नीट कळत होते. ही तटस्थता तत्त्वातून किती आली आणि राज्यकर्त्याच्या सावधपणातून किती, यावर वाद घालता येईल. मला ती दोन्हींतून आली असे वाटते.

दुसरी वाट मिशनच्या शाळेची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी गिरगावात आंब्रोली इंग्लिश स्कूल सुरू केले. तीच पुढे जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन झाली आणि तिच्यातूनच विल्सन कॉलेज उभे राहिले. चौपाटीसमोरची आज ओळखीची इमारत मात्र 1889ची. या शाळेत इंग्रजी उत्तम, मराठीही चांगली. विल्सन आणि नेस्बिट दोघेही मराठीत पारंगत. बायबल हा रोजचा विषय, आणि ते कोणी लपवत नव्हते. विल्सन उघडपणे सांगत की शिक्षणाचा हेतू ख्रिस्ताची ओळख करून देणे हा आहे. त्यांनी हिंदू शास्त्री, पारशी दस्तुर आणि मुसलमान विद्वान यांच्याशी जाहीर वादही घातले. तेव्हा पालकांची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. पालक जाणून मुले पाठवत होते. त्यांचा हिशेब असा, की मुलगा इंग्रजी घेईल आणि बायबल कानाआड करेल. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर ठरला, हेही खरे.

मिशनच्या शाळेवर टीका करताना एक गोष्ट विसरता कामा नये. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1856 मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा धर्मात ढवळाढवळ न करणाऱ्या सरकारने त्याला दार उघडले नाही. इतर मुले निघून जातील, ही सबब. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत हे तत्त्व सरकारने 1858 मध्ये मान्य केले, आणि ते व्यवहारात उतरायला पिढ्या गेल्या. तेव्हा ‘तटस्थ’ शाळा म्हणजे न्यायी शाळा असे समीकरण मांडता येत नाही. तिथे बायबल नव्हते, पण जात होती.

आधीची ठिणगी

शेषाद्री बंधूंच्या चार वर्षे आधी, मे 1839 मध्ये, विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांना बाप्तिस्मा दिला होता. मुंबई हादरली. पारशी समाजाने कोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. त्यांनी कुठे जायचे ते त्यांनीच ठरवावे, असे कोर्टाने म्हटले आणि ते विल्सन यांच्याकडे परतले. पारशी मुले शाळेतून भराभर काढून घेतली गेली. हिंदू, पारशी आणि मुसलमान अशा तिन्ही समाजांतल्या लोकांनी मिळून सरकारकडे धर्मांतरविरोधी अर्ज दिला. सरकारने तो मान्य केला नाही.

या अर्जाकडे मी दोन नजरांनी पाहते. मुंबईतले तीन धर्मांचे लोक शिक्षणाच्या प्रश्नावर एकत्र येतात, आपल्या मुलांना धर्माच्या दबावाशिवाय शिकता यावे म्हणतात, ही मोठी गोष्ट. पण त्यात दुसऱ्याच्या धर्मप्रचारावर आणि वयात आलेल्या तरुणाच्या निवडीवर सरकारने हात टाकावा अशीही अपेक्षा होती. पुढच्या दीडशे वर्षांत हे दोन धागे आपल्याकडे सतत एकमेकांत गुंतत राहिले.

खटला

मुंबईचे सुप्रीम कोर्ट 1824 मध्ये सुरू झाले. ते ईस्ट इंडिया कंपनीचे नव्हते, राजाचे होते, आणि मुंबई बेटावर राहणाऱ्या इंग्रज माणसाला त्याच्यापुढे उभे करता येत असे. म्हणून श्रीपतच्या वडिलांचा अर्ज नेस्बिट यांच्याविरुद्ध चालला. इंग्लंडच्या कायद्यातला हेबियस कॉर्पस हा उपाय बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला सोडवण्यासाठीचा. श्रीपतला कोणी डांबले नव्हते. तो राजीखुशीने राहत होता. मग कोर्टापुढचा प्रश्न बदलला: 12 वर्षांच्या मुलाची राजीखुशी कायद्याने मोजायची का?

पेरी यांचे उत्तर नकारार्थी होते. मूल समजत्या वयाचे नसेल तर त्याचा ताबा बापाकडे. बापाने मुलाला छळले, टाकून दिले असे काही नसताना, केवळ धर्म वेगळा वाटतो म्हणून मुलाला बापापासून तोडता येत नाही. थोरला भाऊ नारायण वयात आलेला होता, त्याला कोणी हात लावू शकले नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एकाच शाळेत जाणारे, आणि वयाच्या रेषेने त्यांची आयुष्ये दोन बाजूंना गेली. नारायण पुढे धर्मोपदेशक झाले आणि जालन्याजवळ बेथेल येथे त्यांनी मिशनचे मोठे काम उभे केले.

निकाल चुकला असे मी म्हणणार नाही. मिशनऱ्याने शाळेच्या ओळखीतून घरी आलेल्या 12 वर्षांच्या मुलाला ठेवून घ्यावे आणि कोर्टाने ते चालू द्यावे, हे कोणत्याही पालकाला भयंकर वाटले असते. तसे झाले असते तर मुंबईत मुलांना शाळेत घालणेच लोकांनी थांबवले असते. शिक्षकाचा मुलावर जो प्रभाव असतो त्यातून आलेला होकार स्वतंत्र कसा मानायचा, ही शंका रास्त आहे. आजही शाळेतल्या धर्माविषयीचा सगळा कायदा याच शंकेवर उभा आहे. माझी तक्रार निकालाच्या दुसऱ्या टोकाला आहे. श्रीपतला मिशनमध्ये राहायचे होते, आणि निकालात त्या इच्छेला शून्य किंमत मिळाली. ती इच्छा ऐकून, तपासून, मग बाजूला ठेवणे वेगळे, आणि ती मोजण्याजोगीच नाही म्हणणे वेगळे.

पेरी यांच्याबद्दल आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी. त्याच सुमारास ते मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष झाले आणि 1852 पर्यंत होते. जगन्नाथ शंकरशेट त्याच बोर्डावर सदस्य. इंग्रजी की मराठी, या वादात दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. शाळेचे धोरण आणि कोर्टाचा निवाडा एकाच माणसाच्या हाती असण्याचा तो काळ होता.

चर्च आणि सरकार: मिशनऱ्यांच्या बाजूने पाहिले तर

1843 हेच वर्ष नेस्बिट आणि विल्सन यांच्यासाठीही उलथापालथीचे होते. मे महिन्यात स्कॉटलंडचे चर्च फुटले. गावच्या चर्चवर कोणता धर्मोपदेशक यावा हे तिथला जमीनदार किंवा राजसत्ता ठरवी. मंडळीला तो नको असला तरी दिवाणी कोर्टे जमीनदाराचा हक्क उचलून धरत. याविरुद्ध थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून जास्त धर्मोपदेशक बाहेर पडले. त्यांनी पगार सोडला, घरे सोडली आणि फ्री चर्च स्थापन केले. मुंबईत विल्सन आणि नेस्बिट त्यांच्याबरोबर गेले, आणि मिशनची इमारत जुन्या चर्चकडे गेली.

म्हणजे शेषाद्री खटल्यात प्रतिवादी असलेला माणूस त्याच वर्षी, सरकारने धर्मात हात घालू नये, या तत्त्वासाठी आपल्या संस्थेचे छप्पर सोडून आला होता. सदसद्विवेकाला कोर्ट हुकूम देऊ शकत नाही, हे त्याचे मनापासूनचे मत. त्यामुळे श्रीपतच्या बाबतीत त्याने घेतलेली भूमिका निव्वळ संख्या वाढवण्याची होती असे मला वाटत नाही. पण स्वतःच्या मंडळीसाठी जो माणूस संमतीचा आग्रह धरतो, त्याने शाळेत रोजचे बायबल सक्तीचे ठेवताना मुलांची आणि पालकांची संमती गृहीत का धरावी? पालकांनी फी न देता किंवा थोड्या फीत इंग्रजी घेतली, तेव्हा बायबलही घेतलेच, असा युक्तिवाद मिशनऱ्यांचे कैवारी नंतर कितीतरी वर्षे करत राहिले. जवळ दुसरी परवडणारी शाळा नसेल तर तो होकार फारसा खरा राहत नाही.

कोर्ट सुटले, जात सुटली नाही

वडिलांना मुलगा कायद्याने मिळाला. त्यानंतर जे घडले ते मला खटल्याहून अधिक बोलके वाटते. त्या काळच्या ब्राह्मण घरात परधर्मीयाच्या हातचे अन्न खाणे म्हणजे जात जाणे. मुलाला घरात ठेवले तर घरावर बहिष्कार: लग्नकार्यात बोलावणे नाही, पंगत नाही, उपाध्याय दारात येत नाही. बापाचा हक्क ज्या कोर्टाने मान्य केला त्या कोर्टाला पंगतीत पान वाढता येत नव्हते.

बाळशास्त्री जांभेकर तेव्हा तिशीत होते. 1832 मध्ये ‘दर्पण’ काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहणारे. सरकारी, धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे ते मुंबईतले सर्वांत मोठे मराठी नाव. शिवाय संस्कृतात व्युत्पन्न. त्यांनी वाद शास्त्राच्या अंगणात नेला: अजाण मुलाच्या हातून घडलेल्या गोष्टीला प्रायश्चित्त असते, आणि प्रायश्चित्तानंतर दोष उरत नाही. सनातन्यांना हे मान्य नव्हते, कारण एकदा परतीचा रस्ता उघडला की जात कोणाची, हे ठरवण्याची त्यांची सत्ता कमी होते. बाळशास्त्रींवर टीकेचे मोहोळ उठले. तरी मुलगा परत घेतला गेला. 1846च्या मे महिन्यात बाळशास्त्री वारले तेव्हा त्यांनी पस्तिशीही ओलांडली नव्हती. त्यांच्या थोड्या वर्षांच्या कामात या प्रकरणाला मी फार वरची जागा देते.

याचा पडसाद पुढे वेगळ्या रीतीने उमटला. 1849 मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. गुप्तपणे जमायचे आणि परजातीच्या, परधर्मीयाच्या हातचा पाव खायचा, असा तिचा विधी होता. श्रीपतला ज्यासाठी वाळीत टाकले तेच काही तरुण सहा वर्षांनी मुद्दाम करत होते, फक्त दारे लावून. 1850च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. कायदा मालमत्तेपर्यंत पोचला. पंगतीपर्यंत पोचणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

तिथून अनुच्छेद 28 पर्यंत

1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, अनुदानाची पद्धत आणली. सरकारी संस्थांतले शिक्षण धर्मविरहित राहील. खाजगी शाळांना, मिशनच्या शाळाही आल्या, अनुदान मिळेल, आणि निरीक्षक तिथल्या धार्मिक शिकवणीची दखल घेणार नाहीत. सर्वांनी घ्यावा असा हा तोडगा होता, पण त्याने मिशनच्या शाळेतल्या बिगरख्रिस्ती मुलाचा प्रश्न तसाच ठेवला, आता सार्वजनिक पैशाच्या आधारासह. 1882 च्या हंटर शिक्षण आयोगापुढे हे सारे पुन्हा आले. आयोगाने सर्व धर्मांना चालेल असे नीतिशिक्षणाचे पुस्तक सुचवले, तेव्हा मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत त्याला विरोध केला. सगळ्यांना चालणारा धर्म सरकारने तयार करणे हीसुद्धा ढवळाढवळच, हे त्यांनी ओळखले होते.

संविधानाने तीन कप्पे केले. पूर्णपणे राज्याच्या निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही. ज्या संस्थेचे प्रशासन राज्य करते पण जिच्या देणगीपत्रातच धर्मशिक्षणाची अट आहे, तिला अपवाद. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. हा तिसरा कप्पा म्हणजे श्रीपतच्या वडिलांना शंभर वर्षांनी मिळालेला हक्क. मूल शाळेतून काढून न घेता, कोर्टात न जाता, ‘माझ्या मुलाला हा तास नको’ म्हणण्याचा हक्क.

मुंबईत तो रोज वापरला जातो, बहुतेकांच्या नकळत. कितीतरी कॉन्व्हेंट शाळांत कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला बसतात. घरी कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. भांडणे होतात ती जिथे रेषा पुसट आहे तिथे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावर सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. 2016 मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहात पालिका शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव आला, तेव्हा हा व्यायाम की उपासना, यावर नगरसेवक भांडले. माझे मत विचाराल तर पालिका शाळेत असा वाद ‘व्यायामच आहे’ म्हणून मिटवता येत नाही. ज्या मुलाला तो उपासना वाटतो त्याला शिक्षा न होता बाजूला राहता येते का, एवढे पाहावे. ऑगस्ट 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या, हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घालणाऱ्या सूचनेला सर्वोच्च न्यायालयाने त्या भागापुरती अंतरिम स्थगिती दिली. तिथल्या विद्यार्थिनी महाविद्यालयात जाणाऱ्या होत्या, स्वतः याचिका घेऊन आल्या होत्या, आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच नावाने मांडले गेले.

शाळकरी मुलाचे तसे नाही. 1986 च्या केरळच्या खटल्यात राष्ट्रगीताला आदराने उभी राहिलेली, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घ्यायला लावली. त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे, एवढे न्यायालयाला पुरले. मात्र तिथे मुले आणि आईबाप एकाच श्रद्धेचे होते. मुलाची श्रद्धा एकीकडे आणि आईबापांची दुसरीकडे, ही श्रीपतची परिस्थिती अनुच्छेद 28 च्या शब्दांत बसत नाही. पालकाची संमती आहे तोवर दहावीतल्या मुलीने ‘मला या प्रार्थनेत बसायचे नाही’ म्हटले तर त्या अनुच्छेदात तिच्यासाठी वेगळे वाक्य नाही. ताब्याच्या कायद्याने मात्र पेरी यांच्या पुढे पाऊल टाकले आहे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम 17 सांगते की पालक नेमताना मुलाचे हित पाहावे, त्याचा धर्मही विचारात घ्यावा, आणि मूल समजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. घराच्या प्रश्नात मुलाचे म्हणणे ऐकायला न्यायाधीशाला वाट आहे. शाळेच्या प्रश्नात मुख्याध्यापकाला तशी वाट दाखवणारा नियम नाही.

ही वाट करून देण्यासाठी संविधान बदलावे लागत नाही. अनुदानित शाळांच्या प्रवेशअर्जात धार्मिक शिक्षणाच्या संमतीचा रकाना स्वतंत्र, मराठीत आणि सहीसकट असावा. आठवीत आल्यावर तो पुन्हा भरावा, आणि त्या वेळी मुलाचीही सही असावी. नकार देणाऱ्या मुलाला त्या तासाला वाचनालयात बसता यावे, वर्गाबाहेर उभे राहावे लागू नये. आणि मुलाचा नकार व पालकाचा होकार एकमेकांविरुद्ध गेले, तर शाळेने दोघांना समोर बसवून मुलाचे म्हणणे लेखी नोंदवावे.